भूकंपाचे आकडे आणि लॉग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक खुलासा. मराठी बातम्यांत ‘तीव्रता’ हा एकच शब्द दोन वेगळ्या मोजमापांसाठी वापरतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. म्हणून या पानावर यंत्रावरून काढलेल्या आकड्याला मॅग्निट्यूड म्हटलं आहे, आणि एखाद्या गावात जमीन किती हादरली, काय पडलं-झडलं याच्या श्रेणीला इंटेन्सिटी.

किल्लारी ६.२ आणि भूज ७.७. फरक दीडचाच ना?

वजाबाकी केली तर दीडचाच. पण हे आकडे लॉगचे आहेत, आणि लॉगमधली वजाबाकी म्हणजे मूळ राशींचा भागाकार. १.५ या फरकाला १.५ ने गुणा (गुणायचा हा १.५ कुठून आला ते पुढे बघू), २.२५ आले. आता १० चा २.२५ हा घात काढा: सुमारे १७८. २६ जानेवारी २००१ ला भूजजवळ लहरींच्या रूपात जी ऊर्जा बाहेर पडली, ती ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या पावणेदोनशे पटींहून जास्त होती.

आता दुसरी बाजू. किल्लारीच्या भूकंपात गेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या घरातला, भूजचा सरकारी आकडा तेरा हजारांच्या पुढचा. ऊर्जा पावणेदोनशे पट आणि बळी दीडपटसुद्धा नाहीत. हे कोडं मॅग्निट्यूडच्या आकड्याकडे कितीही टक लावून बघितलं तरी सुटत नाही. खालचे बरेचसे प्रश्न फिरून याच ठिकाणी येतात.

लॉग म्हणजे अकरावी-बारावीत लॉग टेबलमध्ये बघायचो तेच का?

तेच. १०० चा लॉग २, १००० चा ३, कारण १० चा तितका घात घेतला की ती संख्या मिळते. २ चा लॉग ०.३०१०, हे तर प्रॅक्टिकलच्या धाकाने अनेकांना आजही पाठ असतं. भूकंपाच्या बाबतीत आपल्याला बहुतेक वेळा उलटं जायचं असतं: लॉग हातात असतो, मूळ संख्या हवी असते. म्हणजे अँटिलॉग.

साध्या मिलिमीटरमध्ये सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

कागद पुरला नसता. भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियात मॅग्निट्यूडची ही मोजपट्टी मांडली, त्यात बेनो गुटेनबर्ग यांचा मोठा हात होता. वुड-अँडरसन जातीचं भूकंपमापक केंद्रापासून १०० किलोमीटरवर असेल आणि त्याच्या नोंदीवरची रेघ १ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हलली असेल तर तो भूकंप शून्य मॅग्निट्यूडचा, असं त्यांनी ठरवलं. आता वर चढत जा. रेघ १ मिलिमीटर हलली तर मॅग्निट्यूड ३. १० सेंटिमीटर हलली तर ५. आणि ७ साठी तीच रेघ १० मीटर हलायला हवी, म्हणजे नोंदीचा कागद तीनमजली इमारतीएवढा उंच पाहिजे. प्रत्यक्षात एवढ्या मोठ्या भूकंपाची नोंद दूरच्या यंत्रावरून घेतात आणि अंतराची दुरुस्ती करतात. पण मायक्रोमीटरपासून दहा मीटरपर्यंतचा पसारा एका आकडी संख्येत बसवायचा तर लॉगशिवाय गत्यंतर नव्हतं.

मॅग्निट्यूड एकाने वाढलं की १० पट की ३२ पट? दोन्ही वाचलंय.

दोन्ही बरोबर, पण दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. नोंदीवरच्या रेघेची उंची १० पट होते. बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते (नेमकं म्हणजे ३१.६, १० चा १.५ हा घात). ऊर्जेचं सूत्र असं, ऊर्जा ज्यूलमध्ये:

लॉग ऊर्जा = ४.८ + १.५ × मॅग्निट्यूड

दोन पायऱ्या चढलात तर ऊर्जा बरोबर १००० पट. एवढं एक लक्षात ठेवलं तरी बातम्या वाचताना पुरतं.

पण ३२ च का? हा १.५ आला कुठून?

भूकंप म्हणजे भूगर्भातल्या भेगेवरचे दोन खडक एकमेकांवरून सरकणं. किती मोठा भाग सरकला आणि किती अंतर सरकला, यावर सगळं ठरतं. मॅग्निट्यूड एकाने वाढतं तेव्हा, ढोबळमानाने, सरकलेल्या भागाची लांबी ३.१६ पट होते, रुंदी ३.१६ पट होते आणि सरकण्याचं अंतरही ३.१६ पट. तिन्हींचा गुणाकार केला की ३१.६. म्हणजे भूकंप तिन्ही बाजूंनी सारखाच मोठा होतो, आणि ३.१६ हे १० चं वर्गमूळ आहे. बस, एवढंच गूढ.

हिशेब करून बघायचा असेल तर ६ मॅग्निट्यूडचा भूकंप घ्या. अशा भूकंपात साधारण १० किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर रुंद भाग ४० सेंटिमीटरच्या आसपास सरकतो. क्षेत्रफळ १० चा ८ वा घात चौरस मीटर, सरकण ०.४ मीटर, खडकाचा दृढता गुणांक (खडक किती ताठ आहे याचं माप) ३ × १० चा १० वा घात. गुणाकार १.२ × १० चा १८ वा घात न्यूटन-मीटर. याला भूकंपाचा मोमेंट म्हणतात. त्याचा लॉग १८.०८. आता मोमेंटवरून मॅग्निट्यूड काढायचं सूत्र: त्यातून ९.१ वजा करा, उरले ८.९८. त्याचे दोन तृतीयांश ५.९९. आले की नाही सहा?

म्हणजे हे रिश्टर स्केल नाही?

नाही. रिश्टर यांची मूळ मोजपट्टी दक्षिण कॅलिफोर्नियासाठी आणि एका विशिष्ट यंत्रासाठी होती. शिवाय साधारण ६.५ ते ७ च्या पुढे ती दमते: भूकंप खरोखर मोठा होत जातो, पण आकडा फारसा हलत नाही, कारण लहान कालावधीच्या लहरींची उंची एका मर्यादेपुढे वाढत नाही. १९७९ मध्ये थॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी वर दिलेलं मोमेंटवर आधारलेलं मॅग्निट्यूड मांडलं. मोठ्या भूकंपांसाठी जगभर आता तेच वापरतात. मधल्या पट्ट्यात जुने-नवे आकडे जुळावेत अशीच त्याची बांधणी आहे. त्यामुळे वर्तमानपत्रांत ‘रिश्टर स्केल’ छापून येतं म्हणून कुणाचं फारसं बिघडत नाही. मी तरी त्यावरून वाद घालत बसत नाही.

एकाच भूकंपाचे तीन आकडे कसे? किल्लारीसाठी ६.२, ६.३ आणि ६.४ असं तिन्ही वाचलंय.

वेगवेगळ्या लहरी वापरून काढलेले ते वेगवेगळ्या जातींचे मॅग्निट्यूड आहेत. पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहरींचं एक, खडकाच्या पोटातून जाणाऱ्यांचं दुसरं, मोमेंटचं तिसरं. त्यात यंत्रांची आणि भूगर्भाच्या अंदाजांची चूक मिसळते. ०.१ ते ०.२ चा फरक भूकंपशास्त्रात नेहमीचा आहे. मात्र लॉगमुळे हा ‘किरकोळ’ फरकसुद्धा बोलका असतो: ०.२ म्हणजे ऊर्जा दुप्पट. दोन संस्थांचे आकडे ०.२ ने वेगळे असले की त्यांच्या ऊर्जेच्या अंदाजात दुपटीचा फरक असतो, आणि तरीही दोघंही आपापल्या जागी ठीक असू शकतात.

इंटेन्सिटी मग वेगळी कशी?

भूकंप एक, मॅग्निट्यूड एक. इंटेन्सिटी मात्र गावागणिक वेगळी. रिश्टर स्वतः यासाठी रेडिओचं उदाहरण देत: प्रक्षेपण केंद्राची ताकद म्हणजे मॅग्निट्यूड, आणि तुमच्या घरातल्या संचावर ते किती स्पष्ट ऐकू येतं ती इंटेन्सिटी.

इंटेन्सिटी एक ते बारा अशा श्रेणींत सांगतात आणि ती रोमन आकड्यांत लिहितात. भारतात १९६४ ची मेदवेदेव्ह-श्पोनहॉयर-कार्निक, म्हणजेच एमएसके मोजपट्टी रूढ आहे, अमेरिकेत सुधारित मर्काली. रोमन आकडे सोयीचे अशासाठी की दशांशाचा मोह होत नाही. ‘साडेसात इंटेन्सिटी’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही, कारण मूळ निकष वर्णनाचे आहेत: झोपलेली माणसं जागी झाली का, टांगलेल्या वस्तू हलल्या का, गिलावा पडला का, मातीच्या भिंती कोसळल्या का, चांगल्या बांधलेल्या घरांना तडे गेले का.

मग तिथे लॉगचा संबंधच काय?

वर्णनाच्या पोटात लॉग लपलेला आहे. एमएसके मोजपट्टीत श्रेणींबरोबर जमिनीच्या त्वरणाचे अंदाज दिलेले आहेत. सहा म्हणजे २५ ते ५० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग, सात म्हणजे ५० ते १००, आठ म्हणजे १०० ते २००, नऊ म्हणजे २०० ते ४००. बघा: दर पायरीला दुप्पट. म्हणजे हाही लॉगच, फक्त पाया १० ऐवजी २. माणसांच्या अनुभवावरून, घरांच्या पडझडीवरून बनवलेल्या पायऱ्यांच्या तळाशी गुणाकाराचीच चढण निघाली, हे मला या विषयातलं सगळ्यांत सुंदर वाटतं.

पण त्याला फार ताणू नये. कोयनेचंच बघा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला तेव्हा धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट एवढा कमाल झटका नोंदला. धरणाच्या आराखड्यात धरला होता ०.०५. म्हणजे अपेक्षेच्या बारा-तेरा पट. एमएसकेच्या दुपटीच्या हिशेबाने ०.६३ म्हणजे ६०० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर, थेट दहावी श्रेणी, म्हणजे सर्रास विध्वंस. प्रत्यक्षात धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. झटका मोठा होता, पण क्षणभराचा आणि झपाट्याने दिशा बदलणारा. पडझडीसाठी त्वरणाचं शिखर जितकं महत्त्वाचं, तितकीच हादरण्याची मुदत आणि लयही.

मॅग्निट्यूडवरून इंटेन्सिटी काढता येते का?

केंद्राजवळची, ढोबळमानाने, येते. उथळ भूकंपांसाठी गुटेनबर्ग आणि रिश्टर यांचं जुनं सूत्र आहे: मॅग्निट्यूड = १ + २/३ × केंद्राजवळची इंटेन्सिटी. उलटं फिरवून किल्लारीचे ६.२ घातले की ७.८ मिळतात, म्हणजे आठ. पाहणीत सर्वाधिक फटका बसलेल्या गावांना आठ ते नऊ श्रेणी दिली गेली. भूजचे ७.७ घातले की दहा येतात, आणि तिथली कमाल श्रेणीही दहाच होती. कॅलिफोर्नियाच्या अनुभवावर बेतलेलं सूत्र कच्छपर्यंत इतकं चालावं, यात थोडा योगायोग आहेच.

केंद्रापासून दूर गेलं की हे सूत्र निकामी. तिथे अंतर, खोली आणि पायाखालची माती ठरवते. भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादमधल्या बहुमजली इमारती कोसळल्या. १९८५ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ ८ चा भूकंप झाला आणि साडेतीनशे किलोमीटर आतल्या मेक्सिको शहराची दैना उडाली, कारण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेला आहे.

मग किल्लारीचं कोडं?

६.२ हा जागतिक हिशेबात मध्यम भूकंप. पण तो अगदी उथळ होता, दहा किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून वर, म्हणजे लहरींना विरायला जागाच मिळाली नाही. वेळ पहाटे चारच्या सुमाराची. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते.

आणि घरं. लातूर-धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) भागातलं जुनं घर म्हणजे गोलसर दगडांच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट किंवा त्याहून जाड भिंती. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मध्ये भर, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नाहीतच. वर माळवद: लाकडाचे सर, फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट माती. पाणी गळू नये म्हणून लोक त्या मातीवर वर्षानुवर्षं नवी माती चढवत आले. उन्हाळ्यात असं घर थंडगार राहतं. पण जमीन हादरली की भिंतीचे दोन थर सुटून फुगतात, ढासळतात आणि वरची काही टन माती खाली येते. ज्या घरांत लाकडी खांबांचे खण होते आणि माळवदाचा भार भिंतींवर नव्हता, तिथे भिंती पडूनही छप्पर बऱ्याच ठिकाणी खांबांवर उभं राहिलं.

यातला एकही घटक मॅग्निट्यूडच्या सूत्रात नाही. कोयनेचा भूकंप किल्लारीएवढाच, उलट एका दशांशाने वरचा, आणि त्यात सुमारे १८० माणसं गेली. तिथला डोंगराळ मुलूख विरळ वस्तीचा. बळींचा आकडा आणि मॅग्निट्यूड यांच्यात कुठलंच सूत्र बसत नाही, बसवायला जाऊही नये.

सारखे छोटे धक्के बसले की ऊर्जा निघून जाते आणि मोठा भूकंप टळतो, हे खरं का?

डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा हा दिलासा बराच फिरला. हिंगोली-नांदेडकडे २०२४ मध्ये ४.५ चा धक्का बसला तेव्हाही. लॉगने तो तपासून घेऊ.

६ च्या एका भूकंपाची ऊर्जा छोट्या धक्क्यांतून संपवायची आहे. ४ चे धक्के वापरले तर १००० लागतील. ३ चे वापरले तर सुमारे ३१,६००. २ चे वापरले तर दहा लाख. आता निसर्ग किती धक्के देतो? तेही गुटेनबर्ग-रिश्टर यांनीच सांगितलं आहे, आणि तोही नियम लॉगचाच: मॅग्निट्यूड एकाने उतरलं की धक्क्यांची संख्या साधारण १० पट होते. म्हणजे ६ च्या एका भूकंपामागे ५ चे दहा, ४ चे शंभर, ३ चे हजार.

संख्या १० पटीने वाढते, पण प्रत्येकाची ऊर्जा ३२ पटीने घटते. हे लंगडं गणित कधीच पुरं पडत नाही. ५ चे दहाही धक्के मिळून ६ च्या एका भूकंपाची जेमतेम ३२ टक्के ऊर्जा, ४ चे शंभर मिळून १० टक्के, ३ चे हजार मिळून ३ टक्के. खालचे सगळे एकत्र केले तरी निम्मी ऊर्जा भरत नाही. कोयना-वारणा परिसरात १९६७ नंतरही दशकानुदशकं धक्के चालूच राहिले, त्यांत ५ च्या वरचेही बरेच होते. छोटे धक्के म्हणजे मोठ्याची नांदी असंही नाही, पण ‘वाफ निघून गेली’ हे समाधान गणिताला मान्य नाही.

दोन भूकंपांची बेरीज करता येते का?

ऊर्जेची येते, आकड्यांची नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात ७.८ आणि काही तासांनी ७.५ असे दोन भूकंप झाले. ७.५ ची ऊर्जा ७.८ च्या सुमारे ३५ टक्के. म्हणजे एकूण १.३५ पट. तिचा लॉग ०.१३, भागिले १.५ म्हणजे ०.०९. दोन्ही मिळून ७.९. सरासरीचंही तसंच: ४ आणि ६ यांच्या ऊर्जेची सरासरी ५ च्या नाही, ५.८ च्या भूकंपाएवढी येते.

कॅल्क्युलेटर नसेल तर हिशेब कसा करायचा?

२५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा ७.८ आणि किल्लारीचा ६.२ घ्या. फरक १.६. गुणिले १.५, २.४. पूर्णांश २ म्हणजे शंभर, तो बाजूला ठेवा. अँटिलॉगच्या टेबलात .४० च्या ओळीत पहिल्याच रकान्यात २५१२ दिसेल, म्हणजे २.५१२. उत्तर: २५१ पट.

मॅग्निट्यूड शून्याखाली जाऊ शकतं का? आणि १० च्या वर?

शून्याखाली, हो. रिश्टर यांच्या यंत्रापेक्षा कितीतरी संवेदनशील यंत्रं आज आहेत, आणि एकापेक्षा लहान संख्येचा लॉग ऋणच येतो. खाणींत उणे एकचे, उणे दोनचे कंप सर्रास नोंदले जातात.

वरच्या बाजूला सूत्रात छत नाही, पृथ्वीत आहे. यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप १९६० चा चिलीचा, ९.५. त्यात सुमारे हजार किलोमीटर लांबीची भेग सरकली. २००४ च्या सुमात्रा-अंदमान भूकंपात १२०० ते १३०० किलोमीटर. १० साठी चिलीच्या साडेपाच पट मोमेंट हवा, आणि तेवढी सलग भेग कुठे दाखवता येत नाही.

‘आपण झोन तीनमध्ये आहोत’ म्हणजे ३ मॅग्निट्यूडचा भूकंप होणार?

नाही हो. बांधकामाच्या भारतीय मानकातले झोन अपेक्षित हादऱ्याशी जोडलेले आहेत, मॅग्निट्यूडशी नाहीत. २००२ च्या आवृत्तीत झोन दोन ते पाचसाठी गुणांक ०.१०, ०.१६, ०.२४ आणि ०.३६ होते. इथेही दर पायरीला साधारण दीडपट. १९९३ मध्ये किल्लारी परिसर झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत सुरक्षित पट्ट्यात दाखवला होता. २००२ मध्ये तो तीनमध्ये आला.

धक्का जाणवला तर आम्ही काय कळवायचं?

इंटेन्सिटीचे नकाशे अशाच माहितीवर बनतात. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं ‘भूकंप’ (BhooKamp) नावाचं मोबाइल ॲप आहे, त्यावर अनुभव नोंदवता येतो. गाव किंवा वस्ती, वेळ, तुम्ही घरात होतात की बाहेर, कितव्या मजल्यावर, बसलेले की झोपलेले, पंखा-दिवा हलला का, भांडी पडली का, भिंतीला तडा गेला का आणि ती भिंत दगड-मातीची की सिमेंटची, एवढं लिहा. ‘साधारण ४ रिश्टरचा वाटला’ असं लिहू नका, ते यंत्राने आधीच काढलेलं असतं. आणि तुमच्या गावात काहीच जाणवलं नसेल तर तेही लिहा. नकाशावरची शेवटची रेघ कुठे संपवायची, ते अशा नोंदींवरूनच कळतं.